मिशिगनचा 'हंटिंग ॲक्सेस प्रोग्राम': ना शेत, ना शेतकरी ओळखीचा, तरी शिकारीला जागा

मिशिगनमध्ये राहता, हरणाच्या शिकारीला जायची इच्छा आहे, पण इथे ना आपलं शेत, ना कुणी शेतकरी नात्यातला. अशा मराठी माणसांसाठी हे लिहितेय. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची, म्हणजे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात त्याची, 'हंटिंग ॲक्सेस प्रोग्राम' नावाची योजना आहे. लोक तिला नुसतं 'हॅप' म्हणतात. मी ती बरीच वर्षं वापरतेय आणि माझं मत आधीच सांगून टाकते: दक्षिण मिशिगनमध्ये नवख्या शिकाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला ठाऊक नाही. तिला वेगळी फी नाही. आणि खाजगी जमिनीवर पाय ठेवायचा म्हणजे काय काय सांभाळावं लागतं, हे ती आपोआप शिकवते.

आधी ही अडचण नेमकी काय आहे ते सांगते. दक्षिण मिशिगनमधली सुमारे ९७ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. उत्तरेकडे सरकारी जंगलं भरपूर, पण आपली माणसं राहतात कँटन, नोव्हाय, ट्रॉय, ॲन आर्बर या पट्ट्यात. तिथून उत्तरेला जायचं म्हणजे तीन-चार तासांची ड्रायव्हिंग, मुक्काम, रजा. उलट यूएस-१२ धरून नैर्ऋत्येला तासभर गेलात की लेनावी, जॅक्सन, हिल्सडेल काउंटीत मका आणि सोयाबीनची शेतं लागतात. शेतांच्या मध्ये ओक आणि हिकरीच्या झाडीचे तुकडे. हरणं तिथेच असतात, कारण दाणा तिथे आणि आडोसाही तिथेच. फक्त त्या प्रत्येक तुकड्याला मालक आहे.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो पुढे. "लायसन्स काढलंय ना, मग आता कुठेही जाऊ शकतो." नाही. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं, ते राज्याने सगळ्या जनतेच्या वतीने सांभाळलेलं असतं. जनावर मारायची मुभा राज्य देतं: रहिवाशाला ११ डॉलरचं बेस म्हणजे मूळ लायसन्स, त्यावर २० डॉलरचं हरणाचं. पण जमीन मालकाची, आणि तिथे पाऊल टाकायची मुभा फक्त तोच देऊ शकतो. मिशिगनच्या कायद्याने शेतजमीन आणि शेताला लागून असलेली झाडी यांवर शिकारीला जायचं तर मालकाची परवानगी हवीच, मग तिथे पाटी असो नसो, कुंपण असो नसो. मेन राज्यात पाटी नसलेल्या जमिनीवर जायची जुनी रीत आहे. व्हरमाँटच्या राज्यघटनेत तर १७७७ पासून कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार करायचं स्वातंत्र्य लिहून ठेवलंय. तिकडच्या मित्राचं ऐकून इकडे कुणाच्या शेतात शिरलात तर तो गुन्हा होतो.

भारतातून फोन येतो तेव्हा घरचे हेच विचारतात, की दुसऱ्याच्या रानात बंदूक घेऊन तुला जाऊ देतात तरी कसे? माझं माहेर आजऱ्याकडचं. घनसाळ भात पोटरीला आला की चुलते रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे. डुकरं, गवे, अधूनमधून हत्तीही. शेत स्वतःचं, पीक स्वतःचं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जनावराला हात लावायचा तर वनखात्याचा कागद लागतो. त्यांना हे पटतच नाही की इथे जनावरासाठी सरकारचा कागद सहज मिळतो आणि अवघड असतं ते शेतकऱ्याचं 'हो'.

हॅप हे 'हो' आधीच मिळवून ठेवतं. योजना १९७७ पासून चालू आहे, देशातल्या अशा सर्वांत जुन्या योजनांपैकी एक. शेतकरी आपली जमीन शिकाऱ्यांसाठी खुली करतो आणि त्याबद्दल त्याला दरवर्षी एकरी २५ डॉलरपर्यंत मोबदला मिळतो. पैशाचा एक भाग शिकाऱ्यांच्या लायसन्सच्या पैशातून येतो, तर काही वेळा केंद्रीय कृषी खात्याच्या अनुदानातूनही. कुठली शिकार चालेल हे शेतकरीच ठरवतो. कुणाच्या जमिनीवर सगळंच चालतं, कुणाकडे फक्त हरीण, कुणाकडे फक्त वसंतातली टर्की, तर काही जमिनी फक्त मुलांसाठी आणि अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ लायसन्सवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. शिवाय किती एकर आहे आणि झाडी किती आहे यावरून एका वेळी किती शिकारी आत असू शकतात हेही ठरलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट मला योजनेतली सर्वांत मोलाची वाटते. सरकारी जंगलात १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन सुरू होतो, तेव्हा पार्किंगमध्ये गाड्यांची रांग असते. आत कोण कुठे बसलंय याचा पत्ता नसतो. हॅपच्या जमिनीवर मला ठाऊक असतं की ठरल्या संख्येपेक्षा जास्त माणूस आत नाही. बाईमाणूस एकटी पहाटे अंधारात झाडीत शिरते तेव्हा हे ठाऊक असणं फार मोठं असतं.

वापरायची पद्धत सोपी आहे. डीएनआरच्या वेबसाइटवर 'माय-हंट' हा नकाशा आहे, त्यात हॅपच्या जमिनी दिसतात. प्रत्येक जमिनीची हद्द, गाडी लावायची जागा, कुठली शिकार चालते, नोंदणी कशी करायची, हे सगळं पाहून ठेवायचं. नोंदणी दर वेळी करायचीच असते. काही ठिकाणी मालकाच्या घरी जाऊन, तर काही ठिकाणी रस्त्याकडेला खांबावर पेटी असते, तिथे. मी जास्त जाते त्या जमिनीच्या पेटीचं झाकण थंडीत घट्ट बसतं, हातमोजा काढून दोन्ही अंगठ्यांनी वर ढकलावं लागतं. आत कागद असतात, पेन्सिल असते. बॉलपेनची शाई थंडीत उतरत नाही, म्हणून पेन्सिल. नाव, लायसन्सचा नंबर, तारीख लिहायची आणि आत जायचं. आधीच जागा भरलेल्या असतील तर गाडी वळवून दुसरीकडे. म्हणून मी रात्रीच दोन पर्यायी जागा फोनवर उतरवून घेते, कारण पहाटे पाच वाजता नेटवर्कच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आता जे नाही तेही सांगते. हॅपची जमीन आरक्षित करता येत नाही, जो आधी आला त्याची. त्यामुळे १५ नोव्हेंबरला किंवा त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी जागा मिळेलच असं धरून चालू नका. मिशिगनमध्ये तो दिवस सणासारखा असतो, खेड्यांतल्या काही शाळांना सुट्टी असते. माझा सल्ला असा की बंदुकीचा हट्ट सोडून धनुष्याच्या सीझनमध्ये जा. तो १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्यात क्रॉसबोही, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य, चालतो. मधल्या वारी, कामावरून थोडं लवकर निघून, संध्याकाळचे दोन तास. किंवा मग डिसेंबरात, बर्फ पडल्यावर, गर्दी ओसरल्यावर. जमिनी मोठ्या नसतात. चाळीस-ऐंशी एकरात एका बाजूला कापलेला मका, एका बाजूला ओढा आणि मध्ये झाडीची पट्टी. मोठ्या शिंगांच्या नराची स्वप्नं बघत आलात तर हिरमोड होईल. घरात वर्षभर पुरेल एवढं स्वच्छ मांस हवं असेल तर मादीचं लायसन्स घ्या, जागा योग्य आहे.

पर्याय काय आहेत? मी दोन्ही वापरून पाहिलेत.

पहिला, खाजगी वेबसाइटवरून दिवसाच्या भाड्याने जमीन घ्यायची. नाव घेत नाही. फोटो देखणे होते, पैसेही कमी नव्हते. जाऊन बघते तर शेजारच्या हद्दीवर नवीन घर उभं राहिलेलं. इथे राहत्या घरापासून ४५० फुटांच्या आत त्या घरच्यांची परवानगी असल्याशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. म्हणजे मला भाड्याने मिळालेल्या तुकड्यातली निम्मी झाडी बंदुकीसाठी कायद्याने बाद. यावर त्यांचं उत्तर असं की हद्द तपासणं ही भाडेकरूची जबाबदारी. पैसे परत नाहीत. अशा सेवेला मी एकही तारा देणार नाही. हॅपमध्ये जमीन योजनेत घेण्याआधी खात्याचा माणूस ती पाहून नकाशा काढतो आणि किती शिकारी मावतील ते ठरवतो. फरक मुख्यतः इथेच आहे.

दुसरा पर्याय जुना आणि खरा: शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं. पूर्वी त्यासाठी काउंटीचं 'प्लॅट बुक' विकत घ्यायचे, कुठला तुकडा कुणाचा याचा नकाशा. आता फोनवर 'ऑनएक्स हंट'सारखी ॲप्स तेच दाखवतात. हद्द कुठे संपते, मालकाचं नाव काय. ॲपचे पैसे वसूल होतात, यात शंका नाही. जीपीएसवर स्वतःचा ठिपका हद्दीच्या आत आहे की बाहेर हे दिसतं आणि नकाशा आधी उतरवून घेतला तर नेटवर्क नसतानाही चालतं. मात्र नाव कळलं म्हणजे माणूस कळला असं नाही. कित्येक जमिनी ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर असतात, मालक फ्लोरिडात आणि शेत कसणारा तिसराच. अशा वेळी मी शेत कसणाऱ्याला आधी भेटते. मालकाला कुणाला फोन करायचा हे त्यालाच नक्की ठाऊक असतं.

दारात कसं जायचं हे मी ज्यांच्याकडून शिकले ती माणसं पिढ्यान् पिढ्या शिकारी आहेत, त्यामुळे नीट सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं. सीझनच्या आदल्या आठवड्यात दार वाजवणारा माणूस शेतकऱ्याला नकोसा असतो. मका कापणी चालू असताना नाही, गोठ्यात दूध काढायच्या वेळेला नाही, रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला नाही. कॅमोफ्लाजचे कपडे घालून नाही, आणि गाडीत बंदूक किंवा धनुष्य दिसता कामा नये. गाडी घराच्या वाटेवर सरळ समोर लावायची, म्हणजे त्यांना खिडकीतून नंबर प्लेट दिसते. कुत्रा आला तर गाडीतच बसून राहायचं, मालक येतो. दार वाजवून दोन-तीन पावलं मागे सरायचं. हे मी आवर्जून करते.

मग बोलायचं काय? "मला शिकार करू द्याल का?" एवढं मोघम विचारलं की 'नाही' येतं. माझं वाक्य ठरलेलं आहे: माझं नाव हे, मी अमुक गावात राहते, मी एकटीच येईन, मला फक्त मादी हवी आहे, धनुष्याने, आणि तुम्ही सांगाल त्या दिवशी. मादी म्हटलं की चेहरा बदलतो, कारण हरणं सोयाबीनचे कोंब खातात, सफरचंदाच्या बागांचं नुकसान करतात. मोठ्या नराला हात लावायचा नाही म्हटलं की ज्या घरातल्या नातवाला तो नर हवा असतो तेही निश्चिंत होतात. एक छोटं कार्ड देते: नाव, फोन, गाडीचं मॉडेल आणि नंबर, लायसन्सचं वर्ष. 'नाही' म्हणाले तरी कार्ड देऊन, आभार मानून निघते. आणि 'हो' म्हणाले तर लगेच विचारते की गाडी कुठे लावू, कुठल्या बाजूला जायचं नाही, गाई कुठे आहेत, अजून कुणाला परवानगी दिली आहे का. तोंडी परवानगी चालते, पण मी सही घेते. अर्ध्या पानाचा कागद पुरतो. पुढे कॉन्झर्वेशन ऑफिसरने, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याने, विचारलं तर दाखवायला बरा.

शेतकऱ्यांच्या मनातली खरी भीती एकच असते: तू झाडावरच्या मचाणावरून पडलीस आणि माझ्यावर दावा लावलास तर? याचं उत्तर आपल्याकडे तयार हवं. मिशिगनमध्ये पैसे न घेता दुसऱ्याला शिकारीसाठी जमीन वापरू देणाऱ्या मालकाला कायद्याचं संरक्षण आहे. त्याने घोर निष्काळजीपणा केला किंवा मुद्दाम इजा केली तरच तो अडकतो. हे मी शांतपणे सांगते आणि वर म्हणते की मी जमिनीवरच बसते, झाडावर चढत नाही. ते खरंही आहे. मी कापडी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या छोट्या तंबूत, स्टुलावर बसते.

दिसायला मी यांच्यातली नाही, आडनाव त्यांना उच्चारता येत नाही. काही दारांत पहिला प्रश्न "तू कुठली?" हा असतो. मी आजऱ्याचं नाव सांगते, भात आणि ऊस सांगते, हत्ती पिकात येतात हे सांगते. शेतकऱ्याला शेताबद्दल बोललेलं कळतं. एका बाईंनी मला दारातच उभं करून ऊस तोडल्यावर मुळं जमिनीत राहतात का, परत फुटतो का, हे सगळं विचारलं. खोडवा समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला. त्यांनी परवानगी दिली नाही, त्यांचा जावई तिथे शिकार करतो. पण त्यांनीच शेजारच्या दोन घरांची नावं सांगितली. काही ठिकाणी दार उघडून न बोलता बंद झालं. तिथे परत जायचं नाही. अंधार पडल्यावर अनोळखी दारात जायचं नाही, आणि मी कुठल्या रस्त्यावर आहे हे घरी कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. हे दोन नियम बायकांनीच काय, पुरुषांनीही पाळावेत.

हॅप आणि दारोदारची परवानगी या दोन वेगळ्या वाटा आहेत असं लोक समजतात, पण माझ्या बाबतीत एकीतूनच दुसरी निघाली. ऑक्टोबर संपता संपता, हॅपच्या एका जमिनीवर, संध्याकाळी उजेड जायच्या बेताला एक मादी ओढ्याकडून आली. बाण नीट लागला. ती उडी मारून पळाली, साठ-सत्तर पावलांवर कुंपण होतं, ते ओलांडून पलीकडच्या झाडीत दिसेनाशी झाली. कुंपणापलीकडे हॅप नाही. इथे जखमी जनावराच्या मागावर जायचं असलं तरी दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. मालक 'नाही' म्हणाला तर जनावर तिथेच राहतं, आणि हे मनाला फार लागतं.

मी तारेपाशी रक्त कुठे दिसतं ते पाहिलं, तिथे नारिंगी फीत बांधली, क्रॉसबो गाडीत कुलूपबंद केला आणि रस्त्याने फिरून त्या घराच्या दारात गेले. उन्हाळ्यात त्या शेजाऱ्यांना मी एकदा तोंड दाखवून ठेवलं होतं: मी पलीकडच्या जमिनीवर येणार आहे, जनावर तुमच्याकडे आलं तर विचारायला येईन, एवढंच. दार एका सत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. त्यांना कार्ड आठवलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं. त्यांनी बूट घातले, टॉर्च घेतला. पानांवरचं रक्त शोधायला ते माझ्यापेक्षा तरबेज. रक्त फिकट आणि फेसाळ आहे म्हणजे फुप्फुसाला लागलंय, लांब गेली नसेल, हे त्यांनी लगेच सांगितलं. आणि खरंच, पडलेल्या एका ओंडक्याच्या पलीकडे ती सापडली. आतडी काढायला त्यांनी पाय धरून मदत केली. पुढच्या वर्षी त्यांच्याच जमिनीवर यायचं का, असं त्यांनीच विचारलं. दोन अटी घातल्या: फाटक उघडं ठेवायचं नाही आणि थँक्सगिव्हिंगला त्यांची मुलं येतात तेव्हा यायचं नाही. आजही मी तिथे जाते. मार्चमध्ये कुंपणाच्या तारा ओढायला आणि पडलेल्या फांद्या गोळा करायलाही जाते. ते मांसातला फक्त पाठीचा कोवळा तुकडा ठेवून घेतात, बाकी माझ्या घरी. हरणाच्या मांसाला फारशी चरबी नसते, त्यामुळे कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर, झाकण ठेवून, तेल जरा सढळ हाताने घालून शिजवावं लागतं.

म्हणून हॅपची जमीन निवडताना माझा आग्रह असतो की उन्हाळ्यात एकदा जाऊन हद्दीवरच्या शेजाऱ्यांना भेटून या. योजनेत हे कुठे सांगितलेलं नाही, तरी करा.

मुलांबद्दल. माझी लेक माझ्यासोबत मुलांसाठी राखलेल्या हॅपच्या जमिनीवर येते. सप्टेंबरमध्ये 'लिबर्टी हंट' म्हणून सोळा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी आणि काही अपंग शिकाऱ्यांसाठी वेगळे दोन दिवस असतात, त्या वेळी हरणाचे बाकीचे शिकारी सहसा नसतात. मुलाला पहिल्यांदा नेण्यासाठी याहून शांत वेळ नाही. मोठ्यांनाही आधी करून बघायचं असेल तर अप्रेंटिस लायसन्स आहे. त्यात हंटर सेफ्टीचा कोर्स न करता दोन लायसन्स वर्षं, सोबत अनुभवी मोठा माणूस ठेवून, शिकार करता येते. त्यानंतर १ जानेवारी १९६० ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोर्स करावाच लागतो. करा, फार चांगला असतो.

व्हिसावाल्यांसाठी एक महत्त्वाचं. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक. पण यात ऐकीव माहितीवर जाऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या. सुरुवात क्रॉसबोने केलीत तर हा प्रश्नच येत नाही, आणि शेतकरीही धनुष्याला बंदुकीपेक्षा लवकर 'हो' म्हणतात, कारण आवाज नाही आणि गाई बिथरत नाहीत.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी आपापल्या राज्याची योजना शोधावी, बहुतेक ठिकाणी काही ना काही आहे. कॅन्ससमध्ये १९९५ पासून 'वॉक-इन हंटिंग ॲक्सेस' चालू आहे. माँटानात 'ब्लॉक मॅनेजमेंट' खाली लाखो एकर रँच, म्हणजे गुरांची मोठी कुरणं, खुल्या आहेत. टेक्ससमध्ये जमीन जवळपास सगळीच खाजगी आणि तिथे सीझनभरासाठी लीज घ्यायची पद्धत रुजलेली, त्यामुळे खर्च जास्त. तिथे आणि मिसूरीत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला तर तो 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकाच कायदेशीर असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

मला कुणी विचारतं की हे सगळं कशासाठी, मांस दुकानात मिळतं. मिशिगनमध्ये दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक गाड्यांची हरणांशी टक्कर होते. लांडगे राज्याच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, भागातून केव्हाच गेले, हरणं वाढत राहिली. २०१५ मध्ये इंगम काउंटीत रानातल्या हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा हरणांचा जीवघेणा रोग सापडला, तेव्हापासून खातं दक्षिणेत जास्त माद्या मारायला सांगतंय. मी मांस खाते आणि ते कुठून आलं याची जबाबदारी घेऊ इच्छिते. त्यासाठी कुणाच्या तरी जमिनीवर त्याच्या मर्जीने उभं राहणं मला योग्य वाटतं. हॅपने ती मर्जी माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसासाठीही खुली केली, म्हणून ही योजना टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपण वापरली, नीट नोंदणी केली, तर शेतकरी त्यात राहतात. नोंद न करता घुसणारे वाढले की ते बाहेर पडतात.

या वर्षी सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा. आता कोर्स किंवा अप्रेंटिस लायसन्स. ऑगस्टमध्ये नकाशा पाहून तीन-चार जमिनी, प्रत्यक्ष गाडीने चक्कर, पेटी कुठे आहे ते बघून घेणं आणि शेजाऱ्यांची ओळख. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, त्यामुळे पेटीपाशी त्याआधी पोचायचं. बंदुकीच्या सीझनमध्ये नारिंगी टोपी किंवा जॅकेट सक्तीचं. हरीण मिळालं की ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची, ती २०२२ पासून बंधनकारक आहे. आणि गाडीत बॉलपेनऐवजी दोन पेन्सिली ठेवा, पेटीतली कधी कधी कुणीतरी घेऊन गेलेलं असतं.